उस्ताद मन्सूरची फुले

(फुले, पाखरे आणि बागेतील लहान जीव यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिले, तर मन शांत होते आणि हाताला कलाही सापडते. सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराची आणि आपल्या काळातील एका पक्षितज्ज्ञाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, बाग, गुलाब, बुलबुल, हौद, कागद, कलम हे शब्द तुम्ही घरी रोज बोलता. मराठी माणूसही हेच शब्द रोज बोलतो. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीने इतके आपलेसे केले आहेत, की ते बाहेरून आले आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या सहा शब्दांत एक गोष्ट दडलेली आहे. बागेतला गुलाब आणि हौदाकाठचा बुलबुल कागदावर कसे उतरतात? तुम्ही म्हणाल, कलमाने. ते खरेच आहे. पण कलम हाती घेण्याआधी आणखी काहीतरी लागते. ते म्हणजे पाहणारा डोळा. हा डोळा विकत मिळत नाही आणि कोणी उसनाही देत नाही. तो ज्याचा त्यालाच तयार करावा लागतो.

अशा तयार डोळ्याचा एक चित्रकार जहांगीर बादशहाच्या दरबारात होता. त्याचे नाव उस्ताद मन्सूर.

मन्सूरची सुरुवात अकबर बादशहाच्या चित्रशाळेत झाली. अकबराचा आजा बाबर याने आपल्या आठवणी तुर्की भाषेत लिहून ठेवल्या होत्या. बाबराला बागांचे फार वेड होते. काबूलच्या डोंगरांत किती प्रकारचे लाले, म्हणजे ट्यूलिप, फुलतात हे त्याने मोजायला लावले होते. ते बत्तीस-तेहतीस प्रकारचे भरले, असे त्याने लिहून ठेवले आहे. या आठवणींचे फारसी भाषांतर अब्दुर्रहीम खानखानान याने १५८९ साली पूर्ण केले. तुम्ही हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे वाचता, तोच हा रहीम! पुढे या ग्रंथाच्या सचित्र प्रती तयार झाल्या. त्यांत पशुपक्ष्यांची चित्रे काढणाऱ्यांमध्ये तरुण मन्सूरही होता.

अकबरानंतर १६०५ साली जहांगीर गादीवर आला. त्याला नवलाईच्या वस्तूंची हौस होती. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही अपूर्व प्राणी व पक्षी त्याच्यासाठी आणले. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि दूरदेशीची जहाजे तेथील बंदराला लागत. या पक्ष्यांत एक टर्की होता. असा पक्षी दरबारात पूर्वी कोणी पाहिला नव्हता. त्याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग सारखा बदलतो, हे पाहून बादशहा चकित झाला. त्याने त्या पक्ष्याचे बारकाईने वर्णन लिहिले आणि चित्र काढण्याचा हुकूमही दिला. आपल्या पणजोबांनी प्राण्यांची वर्णने लिहिली, पण त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत, असे त्याला वाटत होते. वाचणाऱ्याला जे नवल वाटेल, त्याहून पाहणाऱ्याला अधिक वाटेल, असा त्याचा विचार होता. टर्कीचे ते चित्र आज लंडनच्या एका संग्रहालयात आहे.

नवलाईच्या पक्ष्याकडे कोणीही थांबून पाहील. पण रोजच्या फुलाकडे थांबून पाहणे अवघड असते. मन्सूरचे मोठेपण तेथेच दिसते.

१६२० सालच्या वसंत ऋतूत जहांगीर काश्मीरला गेला. हिवाळ्याचा बर्फ वितळला होता. डोंगरउतार, शेतांचे बांध आणि नद्यांचे काठ फुलांनी भरून गेले होते. जहांगीर आपल्या आठवणीत म्हणतो, की काश्मीरच्या फुलांची गणती करता येणार नाही. उस्ताद मन्सूरने ज्या फुलांची चित्रे काढली, ती शंभराहून अधिक आहेत, असेही तो नमूद करतो. या मन्सूरला त्याने ‘नादिर-उल्-अस्र’ हा किताब दिला होता. या किताबाचा अर्थ तुम्हांला मराठी मुलांपेक्षा लवकर कळेल. ‘आपल्या काळातील अद्वितीय’ असा तो अर्थ.

या वर्णनात एक फार सुंदर गोष्ट आहे. काश्मीरमध्ये घरांच्या लाकडी छपरांवर मातीचा थर देत. त्या मातीत लोक ट्यूलिपचे कंद लावत. वसंत आला की सारे छप्पर लाल फुलांनी डवरून जाई. बादशहासाठी शालिमारसारखी भव्य बाग तयार होत होती. ज्यांच्याजवळ बागेपुरती जमीन नव्हती, ते छपरावरच बाग फुलवत होते! बादशहाला या छपरांवरच्या बागांचेही मोठे कौतुक वाटले.

मन्सूरने त्या एवढ्या फुलांकडे कसे पाहिले असेल? अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात त्याचे लाल ट्यूलिपचे एक चित्र आहे. त्यात डोंगर नाही, महाल नाही, बादशहाही नाही. आहे ते फक्त एक रोप. त्याची लांब पाने एकसारखी सरळ नाहीत. एखादे पान वळलेले आहे, एखादे वाकलेले आहे. उमललेले फूल आहे आणि मिटलेली कळीही आहे. जवळच एक फुलपाखरू आले आहे. चित्रकाराने त्या रोपाला एखाद्या पाहुण्यासारखा मान दिला आहे.

असे चित्र घाईने होत नसे. प्रथम कागद गुळगुळीत दगडाने घोटून चकचकीत करावा लागे. रंग घरीच तयार करत. हिंगुळापासून लाल, नीळ आणि लाजवर्दी दगडापासून निळा, तर काजळीपासून काळा रंग मिळे. तो खलात तासन् तास घोटायचा आणि त्यात डिंकाचे पाणी मिसळायचे. खारीच्या, म्हणजे तुमच्या गिलहरीच्या, शेपटीच्या केसांचा कुंचला करायचा. त्याचे टोक इतके बारीक, की जणू एकच केस! मग रंगाचा एक पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि त्यावर दुसरा द्यायचा. हात थरथरला तर पाकळीची कड बिघडे. म्हणून श्वासही जपून घ्यावा लागे. मन शांत असल्याशिवाय असे काम होत नाही आणि असे काम करता करता मन शांत होत जाते. या दोन्ही गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात.

बागेतल्या जीवांकडे पाहण्याचा हा गुण बादशहातही होता. त्याच्याजवळ सारस पक्ष्यांची एक जोडी होती. पिल्ले असल्यापासून त्याने ती वाढवली होती. त्यांची नावे लैला आणि मजनू! १६१८ साली बादशहाचा मुक्काम गुजरातेत असताना या जोडीने अंडी घातली. मग बादशहा रोज त्यांची हकिकत घेऊ लागला. रात्रभर मादी अंड्यांवर बसे आणि नर जवळ उभा राहून पहारा करी. पहाट झाली की नर येऊन चोचीने मादीची पाठ हलकेच खाजवी. मग ती उठे आणि तो बसे. काही वेळाने मादी परत येई आणि त्याला तसेच उठवी. सुमारे पाच आठवड्यांनी पिल्ले बाहेर आली. हे सगळे जहांगीरने तपशिलाने लिहून ठेवले आहे.

मुलांनो, हाच जहांगीर मोठा शिकारीही होता. त्याने हजारो प्राणी मारले आणि त्यांचा हिशेबही ठेवला. पुढे वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, आपल्या हाताने कोणत्याही जिवाला मारणार नाही, असा संकल्प त्याने केला. तो संकल्प त्याला कायम पाळता आला नाही. बाग माणसाला एका दिवसात बदलून टाकते, असे मी तुम्हांला सांगणार नाही. पण सारसाची पाठ खाजवणारी ती चोच पाहताना त्याच्या हातात बंदूक नव्हती. तेवढा वेळ तरी तो एका घराचे सुख पाहणारा साधा माणूस होता.

आता एक दुःखाची गोष्ट. मन्सूरने काढलेल्या त्या शंभराहून अधिक फुलांच्या चित्रांपैकी आज अगदी थोडी शिल्लक आहेत. बाकीची काळाच्या ओघात नाहीशी झाली. कधीकधी याच्या उलटही घडते. चित्र राहते आणि जीवच नाहीसा होतो. मॉरिशस बेटावरचा डोडो हा पक्षी सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगातून संपला. मन्सूरचे मानले जाणारे डोडोचे एक रंगीत चित्र रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे जपून ठेवले आहे. मन्सूरने सैबेरियन क्रौंच पक्षीही रंगवला. ते चित्र कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. हा पांढराशुभ्र पक्षी हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरला येत असे. २००२ सालानंतर तो तेथे आलेला नाही. मन्सूरच्या कागदावर मात्र तो अजून उभा आहे. जहांगीरच्या लाडक्या सारसांची संख्याही आता पुष्कळ घटली आहे. आपल्या महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील तलावांकाठी आणि भातशेतांत त्यांच्या थोड्याच जोड्या दिसतात.

म्हणूनच नीट पाहणे आणि पाहिलेले जपून ठेवणे हे केवळ करमणुकीचे काम नाही. जे डोळ्यांसमोर आहे ते उद्याही असेलच असे नसते.

आता आपल्या काळाकडे आणि आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. डॉ. सालिम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. ते जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ झाले. मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर त्यांनी अभ्यासपूर्ण लेखही लिहिले. पण त्यांच्या आयुष्यात एक कठीण काळ आला होता. १९३० साली ते जर्मनीतून शिक्षण घेऊन परतले, तेव्हा त्यांना नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले.

घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी घरटी विणायला घेतली होती. सालिम अली शिडीवर आडोसा करून तासन् तास ती पाहत बसले. त्यांना दिसले, की नर सुगरण अर्धे घरटे विणतो. मग मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तरच ती तेथे राहते. त्यानंतर नर ते घरटे पूर्ण करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो! सुगरणीच्या संसाराची ही खरी हकिकत त्यांनी नोंदवली आणि १९३१ साली ती प्रसिद्ध केली. नोकरी नसलेल्या त्या दिवसांत त्यांना उद्याची काळजी नसेल का? होती, तर खरीच. पण काळजी करत बसण्याऐवजी ते पाहत बसले. त्या पाहण्यातूनच त्यांचे नाव पुढे आले.

तुम्ही म्हणाल, “बादशहाजवळ बागा होत्या. सालिम अलींच्या घराजवळ सुगरणीचे झाड होते. आमच्या गल्लीत काय आहे? यंत्रमागांचा खडखडाट, गाड्यांचे भोंगे आणि एकाला एक चिकटलेली घरे!”

मग काश्मीरची ती छपरे आठवा. गच्चीवर, खिडकीत किंवा जिन्याच्या कडेला एक कुंडी मावेल एवढी जागा पुरे. जुना डबा किंवा फुटका माठही चालेल. त्यात सदाफुली लावा, मोगरा लावा किंवा सब्जा लावा. जागा थोडी मोठी असेल तर जास्वंद लावा. जास्वंदीला फूल आले की शिंजीर येईल. हा आपल्या अंगठ्याएवढा पक्षी आहे. विणीच्या दिवसांत त्याचा नर उन्हात निळाजांभळा चमकतो. आपली बाकदार चोच फुलात घालून तो मध पितो.

घरात कढीलिंबाचे रोप असेल तर त्याची पाने उलटून पाहा. लिंबाचे फुलपाखरू त्यावर मोत्यासारखे बारीक अंडे घालते. त्यातून निघणारी अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे तिला खायला कोणी सहसा धजत नाही. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर ती डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अम्मी म्हणतील, “ही अळी सगळा कढीपत्ता खाऊन टाकेल, फेकून दे.” तुम्ही त्यांना विनंती करा, “अम्मी, एक फांदी तिच्यासाठी राहू द्या.” महिनाभरात त्या फांदीवरून एक फुलपाखरू उडेल. त्या वेळी अम्मीही पाहायला येतील.

पाहायचे कसे, तेही सांगतो. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटे रोपाजवळ गप्प बसा. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच दिसणार नाही. मनात शाळेचे, परीक्षेचे आणि भांडणाचे विचार येतील. त्यांना येऊ द्या. तुम्ही फक्त एका पानाकडे पाहत राहा. हळूहळू मुंगी दिसेल, मग कोळ्याचा धागा दिसेल. तुम्ही हलत नाही असे पाहून चिमणीही जवळ येईल. तेव्हा लक्षात येईल, की मघाची धडधड कमी झाली आहे आणि श्वास संथ झाला आहे. यामुळे परीक्षेचा पेपर सोपा होत नाही. पण शांत मनाने पेपर वाचता येतो, हे काय थोडे आहे?

मग वही घ्या. साधी पेन्सिल चालेल. आधी मोजा. सदाफुलीच्या पाकळ्या किती? पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? कळीचा पीळ कोणत्या बाजूला आहे? हे मोजून मगच रेषा काढा. चित्र बिघडले तर पान फाडू नका. त्याखाली तारीख लिहा आणि उद्या पुन्हा काढा. चित्राशेजारी मराठीत दोन ओळी लिहा. पुढच्या ओळी उर्दूत लिहिल्या तरी चालेल. फुलाला दोन्ही भाषा सारख्याच आवडतात.

वर्षअखेर ती वही उघडून पाहा. पहिल्या पानावरचे फूल आणि शेवटच्या पानावरचे फूल एकाच हाताने काढलेले आहे, हे तुम्हांलाच खरे वाटणार नाही. हात तोच असेल, पण डोळा तयार झालेला असेल.

शब्दार्थ
अद्वितीय – ज्याच्यासारखा दुसरा नाही असा
घोटणे – घासून गुळगुळीत किंवा बारीक करणे
कुंचला – रंग देण्याचे साधन, ब्रश
संकल्प – मनाशी केलेला निश्चय
तपशिलाने – बारीकसारीक गोष्टींसह
आडोसा – आपण दिसू नये म्हणून केलेला पडदा
डवरणे – फुलांनी किंवा पानांनी भरून जाणे
डिवचणे – टोचून त्रास देणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जहांगीरने उस्ताद मन्सूरला कोणता किताब दिला होता?
(आ) काश्मीरचे लोक ट्यूलिपचे कंद कोठे लावत?
(इ) डॉ. सालिम अली यांनी किहीमला कोणत्या पक्ष्याचा अभ्यास केला?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सारस पक्ष्यांची जोडी अंड्यांची काळजी कशी घेत असे?
(आ) मोगल काळातील चित्रकार आपले रंग आणि कुंचला कसा तयार करत?

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
डवरणे, संकल्प, तासन् तास, आपलेसे करणे

४. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : घराजवळील एका रोपाचे आठवडाभर निरीक्षण करा. रोज एक चित्र काढा आणि त्याखाली मराठीत दोन वाक्ये लिहा.